उंच टोपीतला माणूस : सोव्हिएत भित्तिपत्रकांतील भांडवलदाराचे चित्र



आज ज्या माणसाविषयी मी बोलणार आहे त्याला नाव नाही. शरीराने तो लठ्ठ आहे. डोक्यावर काळी उंच टोपी, अंगात काळा कोट, पोटावर सोन्याची साखळी, बोटांत अंगठ्या, तोंडात चुरूट आणि जवळ पैशाची थैली. १९१८ पासून पुढे जवळजवळ सत्तर वर्षे हा माणूस सोव्हिएत रशियाच्या भिंतींवर उभा होता. त्याच्या हयातीत राज्यकर्ते बदलले, धोरणे बदलली, मित्रांचे शत्रू झाले आणि शत्रूंचे मित्र झाले. हा मात्र होता तसाच राहिला. त्याच्या खालची पाटी तेवढी बदलत गेली. ही पाटी कोणी, केव्हा आणि का बदलली, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

मी पेशाने होमिओपॅथिक डॉक्टर, इतिहासाचा केवळ वाचक. पण आमच्या शास्त्राने लावलेली एक सवय मला या विषयात उपयोगी पडली. आमच्याकडे रोगाच्या नावाला औषध देत नाहीत. समोर बसलेल्या माणसाची हकीकत ऐकतात आणि मग औषध ठरवतात. एकाच नावाचा ताप असलेल्या दोघांना दोन निरनिराळी औषधे दिली जातात. या सवयीच्या माणसाने एखादे भित्तिपत्रक पाहिले की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा : हे नाव झाले, पण यातला माणूस कोण?

भिंत हेच वर्तमानपत्र

१९१७ च्या ऑक्टोबर क्रांतीनंतर बोल्शेविकांच्या हाती जो देश आला, त्यातल्या बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हते. १८९७ च्या जनगणनेत रशियन साम्राज्यातले शंभरातले सुमारे एकवीस लोक साक्षर होते. पुढच्या वीस वर्षांत हा आकडा वाढला, तरी खेड्यातला शेतकरी आणि त्याची बायको यांच्यापर्यंत छापील लेख पोहोचणे कठीणच होते. त्यातच यादवी युद्ध पेटलेले, कागदाचा तुटवडा आणि रेल्वे विस्कळीत. अशा वेळी सरकारने भिंतीला वर्तमानपत्र केले. १९१८ ते १९२१ या काळात तीन हजारांहून अधिक वेगवेगळी भित्तिपत्रके निघाली. चित्रे रंगवलेल्या प्रचारगाड्या रुळांवरून खेडोपाडी फिरल्या.

हे सगळे कोऱ्या पाटीवर लिहिले गेले नाही. रशियात ‘लुबोक’ नावाची जुनी लोकचित्रकला होती. जत्रेत विकली जाणारी स्वस्त छापील चित्रे, भडक रंग, खाली दोन ओळींचा मजकूर. पिंगुळीच्या चित्रकथ्यांची पोथी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. दुसरीकडे प्रत्येक घराच्या कोपऱ्यात देवाचे चित्र, म्हणजे आयकॉन, असे. घोड्यावर बसून भाल्याने अजगरासारख्या राक्षसाला मारणारा संत जॉर्ज हे त्यांतले एक सर्वांच्या ओळखीचे चित्र. म्हणजे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही चित्राची भाषा येत होती. सज्जन कोण, दुर्जन कोण, कोणाचा वध व्हायचा आहे, हे त्याला एका नजरेत समजत होते.

१९१९ च्या शरद ऋतूत मॉस्कोत एक नवा प्रयोग सुरू झाला. माल नसल्यामुळे दुकानांच्या काचा रिकाम्या पडल्या होत्या. ‘रोस्ता’ या सरकारी वृत्तसंस्थेने त्या काचांमागे चित्रे लावायला सुरुवात केली. मिखाईल चेरेम्निख याने पहिले चित्र काढले आणि लवकरच कवी व्लादिमीर मायकोव्हस्की त्याला येऊन मिळाला. तार आली की काही तासांत तिच्यावरून चित्रांची मालिका तयार होई. छापखाना मोकळा नसे, म्हणून पुठ्ठ्याचे साचे कापून हातानेच प्रती रंगवत. घाई असल्यामुळे माणसांचे बारकावे गळून पडले. मजूर म्हणजे लाल आकृती. भांडवलदार म्हणजे एक गोल पोट आणि वर एक टोपी. साच्याने काढलेल्या चित्राला चेहऱ्याची गरज उरत नाही, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

चित्रामागचे खरे दुखणे

कोणी म्हणेल की हा सगळा खोटा प्रचार होता. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. झारच्या रशियात कारखान्यातल्या मजुराचा दिवस किती तासांचा असावा, याला पहिली मर्यादा १८९७ च्या कायद्याने घातली, आणि ती होती साडेअकरा तास. १९१२ च्या एप्रिलमध्ये सैबेरियातल्या लेना नदीकाठच्या सोन्याच्या खाणींतले कामगार संपावर होते. निकृष्ट अन्न आणि जाचक अटी या त्यांच्या तक्रारी होत्या. गाऱ्हाणे घेऊन निघालेल्या त्या जमावावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि शेकडो माणसे मेली किंवा जखमी झाली. त्या खाणींचे बरेचसे भागभांडवल लंडनमध्ये नोंदवलेल्या कंपनीकडे होते. सैबेरियाच्या थंडीत सोने खणणारा एकीकडे आणि लंडनमध्ये लाभांश घेणारा दुसरीकडे. सोन्याच्या राशीवर बसलेला लठ्ठ माणूस ज्याने प्रथम काढला त्याने हवेतून काही काढले नव्हते.

हे दुखणे चित्रात मांडण्याचे दोन मार्ग होते. पहिला मार्ग १९०१ च्या सुमारास रशियन समाजवाद्यांनी देशाबाहेर छापलेल्या एका चित्रात दिसतो. त्यात समाजाची एक उतरंड आहे. सर्वांत वर राजसत्ता, खाली राज्यकर्ते, त्याखाली धर्मगुरू, मग बंदुकीवाले सैनिक, मग मेजवानी झोडणारे धनिक आणि तळाशी सगळ्यांचा भार खांद्यावर घेतलेले मजूर. १९११ मध्ये अमेरिकेत याच कल्पनेवरून निघालेल्या चित्रात शिखरावर पैशाची थैली आली. ही चित्रे कोणा एका माणसाकडे बोट दाखवीत नाहीत. ती रचना दाखवतात. पाहणाऱ्याला कळते की वरचा माणूस बदलला तरी उतरंड तशीच राहील.

दुसरा मार्ग सोपा होता. रचनेऐवजी माणूस काढायचा. हा मार्गही रशियाचा स्वतःचा नव्हता. न्यूयॉर्कच्या भ्रष्ट पुढाऱ्याच्या, बॉस ट्वीडच्या, धडावर डोक्याऐवजी पैशाची थैली काढून टॉमस नॅस्टने १८७१ मध्येच तो लोकप्रिय केला होता. फरक इतकाच की नॅस्टचा ट्वीड खराखुरा माणूस होता. त्याच्यावर खटला चालला, त्याला आपली बाजू मांडता आली आणि आरोप सिद्ध झाल्यावर तो तुरुंगात गेला. बोल्शेविक भित्तिपत्रकांतल्या माणसाला नाव नव्हते, म्हणून त्याच्यावर खटला चालणेही शक्य नव्हते.

देनी आणि मूर

या चित्रकलेतली दोन मोठी नावे म्हणजे व्हिक्टर देनी आणि दिमित्री मूर. दोघेही क्रांतीपूर्वीच्या विनोदी नियतकालिकांतून तयार झालेले. मूरचे खरे आडनाव ओर्लोव्ह. शिलर या जर्मन नाटककाराच्या ‘लुटारू’ नाटकातल्या कार्ल मूर या बंडखोर नायकावरून त्याने हे टोपणनाव घेतले होते.

देनीचे ‘भांडवल’ हे चित्र यादवी युद्धाच्या काळातले. उंच टोपीतला अवाढव्य माणूस सोन्याच्या नाण्यांच्या राशीत आहे, मागे कारखान्यांची धुरांडी आहेत आणि चित्रभर कोळ्याचे जाळे पसरलेले आहे. त्याच देनीने १९१९ मध्ये ‘राष्ट्रसंघ’ नावाचे चित्र काढले. त्यात तीन लठ्ठ माणसे सिंहासनावर बसली आहेत : फ्रान्स, अमेरिका आणि इंग्लंड. मार्क्सने जगातल्या कामगारांना दिलेली एकजुटीची हाक तिथे उलटी करून भांडवलदारांच्या तोंडी घातली आहे. त्या वेळी इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका यांच्या फौजा खरोखरच रशियाच्या भूमीवर उतरल्या होत्या, त्यामुळे पाहणाऱ्याला हे चित्र अतिशयोक्तीचे वाटले नसणार.

चेरेम्निखच्या मूळ कल्पनेवरून देनीने १९२० मध्ये काढलेले चित्र तर जगभर गेले. पृथ्वीच्या गोलावर लेनिन उभा आहे, हातात लांब दांड्याचा झाडू आहे आणि तो राजे, धर्मगुरू आणि थैलीवाला भांडवलदार यांना गोलावरून झाडून टाकतो आहे. चित्र गमतीदार आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी : इथे माणसे केर झाली आहेत.

मूरच्या ‘जागतिक साम्राज्यशाहीला मृत्यू’ या १९१९ च्या चित्रात भांडवल हा माणूसही राहिलेला नाही. एक प्रचंड सर्प कारखान्याला विळखा घालून बसला आहे आणि मजूर, सैनिक, खलाशी संगिनी रोखून त्याच्यावर तुटून पडले आहेत. देनीने तर ट्रॉट्स्कीलाच संत जॉर्ज केले. घोड्यावर बसलेला ट्रॉट्स्की प्रतिक्रांतीच्या राक्षसाला भाल्याने मारतो आहे, आणि त्या राक्षसाच्या डोक्यावरही तीच उंच टोपी! देवघराच्या कोपऱ्यातले चित्र निरीश्वरवादी राज्याने इतक्या सहज वापरले. ट्रॉट्स्कीला १९२९ मध्ये देशाबाहेर घालवले आणि पुढे त्याला फोटोंतूनही पुसून टाकले. टोपी मात्र उरली.

हे सगळे एकाच बाजूचे होते असेही नाही. बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या श्वेत सेनेने १९१९ मध्ये काढलेल्या एका भित्तिपत्रकात ट्रॉट्स्की लाल राक्षस होऊन क्रेमलिनच्या भिंतीवर बसला आहे आणि तो ज्यू आहे हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल अशी काळजी चित्रकाराने घेतली आहे. मायकोव्हस्कीचेच पाहा. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो जर्मनांची टर उडवणाऱ्या लुबोक-चित्रांवर काम करीत होता. पाच वर्षांनी त्याच्या हातातला राक्षस जर्मन राहिला नव्हता, भांडवलदार झाला होता.

पाटी शेजाऱ्याच्या दारावर येते

यादवी युद्ध संपले आणि १९२१ मध्ये लेनिनने नवे आर्थिक धोरण आणले. लहान व्यापाराला पुन्हा परवानगी मिळाली. काल भिंतीवर ज्याला झाडूने झाडत होते तोच आज दुकान उघडून बसला. त्याला ‘नेपमन’ असे नवे नाव पडले आणि तीच टोपी त्याच्या डोक्यावर आली. गंमत अशी की याच काळात मायकोव्हस्की आणि अलेक्सांदर रॉदचेन्को हे दोघे मोसेलप्रोम या सरकारी व्यापारसंस्थेच्या खाद्यपदार्थांच्या जाहिराती करीत होते. माल खपवायची कला भांडवलदाराकडून घेतली होती आणि भांडवलदाराला शिव्या देण्याची कलाही सोडली नव्हती.

१९२९ च्या शेवटी मात्र गमतीला जागा उरली नाही. सामूहिक शेती सक्तीने आणायची ठरली आणि डिसेंबरमध्ये स्टालिनने घोषणा केली की ‘कुलक’ हा वर्ग वर्ग म्हणून नाहीसा करायचा. कुलक या शब्दाचा अर्थ मूठ. गावात ज्याची मूठ घट्ट तो कुलक. कुलक कोण, हे ठरवायला सरकारने लक्षणे दिली होती : नेहमी मजूर लावणारा, गिरणी किंवा यंत्र बाळगणारा, ते भाड्याने देणारा, व्यापार करणारा. आपल्या गावाकडच्या भाषेत सांगायचे तर गुऱ्हाळवाला, पिठाच्या गिरणीवाला, सुगीला दोन गडी ठेवणारा. या सभागृहातल्या किती घरांच्या आजोबा-पणजोबांना हे वर्णन लागू पडेल, याचा विचार ज्याने त्याने मनाशी करावा.

भित्तिपत्रकांनी काय केले? जो लठ्ठ माणूस आजवर लंडन-पॅरिसमध्ये राहत होता त्याला उंच टोपीऐवजी शेतकऱ्याची टोपी आणि दाढी दिली आणि गावात आणून उभे केले. पोट तेच, कावेबाज डोळे तेच, धान्याच्या पोत्यावर ठेवलेला हात तोच. देनीच्या १९३० च्या एका चित्रात स्टालिनच्या चिलमीतून निघालेल्या धुराच्या वेटोळ्यांत नेपमन, कुलक आणि घातपाती एकत्र उडून जाताना दिसतात. १९२० मध्ये माणसे केर झाली होती, १९३० मध्ये ती धूर झाली.

त्याच १९३० च्या ३० जानेवारीला पॉलिट्‌ब्युरोने जो ठराव केला त्यात आकडे ठरवून दिले होते : साठ हजार जणांना छळछावणीत किंवा गोळीबारासमोर, दीड लाख कुटुंबे दूरच्या प्रदेशांत हद्दपार. नावे नंतर शोधायची होती. आधी संख्या, मग माणूस! १९३०-३१ या दोन वर्षांत अठरा लाखांच्या आसपास लोक घरदार सोडून उत्तरेकडे आणि सैबेरियात नेले गेले. एखादा गरीब शेतकरी याला विरोध करू लागला तर त्याच्याजवळ ना गिरणी ना गडी. मग त्याच्यासाठी ‘पोदकुलाचनिक’, म्हणजे कुलकाचा हस्तक, असा शब्द निघाला. लक्षणे जुळत नसली तरी रोगाचे नाव चिकटवता आले.

दोन दुष्काळ, एक चित्र

आता मी आपणांसमोर मूरचे आणखी एक चित्र ठेवतो. मला या संपूर्ण कलेत ते सर्वांत मोठे वाटते. १९२१ मध्ये व्होल्गाकाठी भयंकर दुष्काळ पडला. त्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या साथींत सुमारे पन्नास लाख माणसे गेली. मूरने काळ्या कागदावर एक हाडकुळा म्हातारा शेतकरी काढला. दोन्ही हात वर केलेला, अनवाणी, मागे धान्याची एक मोडकी काडी. खाली एकच शब्द : मदत करा. या चित्रात उंच टोपी नाही, सर्प नाही, झाडू नाही. कोणाकडे बोट दाखवलेले नाही. आणि त्या वेळी मदत आलीही. ज्या देशाला भिंतीवर लठ्ठ माणूस म्हणून रंगवले होते त्या अमेरिकेच्या मदतसंस्थेने १९२२ च्या उन्हाळ्यात दररोज एक कोटीच्या आसपास लोकांना जेवू घातले. सोव्हिएत सरकारने ती मदत घेतली.

अकरा वर्षांनी, १९३२-३३ मध्ये, युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाच्या खोऱ्यात पुन्हा दुष्काळ आला. तो आभाळातून आलेला नव्हता. सक्तीची धान्यवसुली आणि मोडून टाकलेली शेती यांतून तो आला होता. पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. मूर तेव्हा हयात होता, त्याचा हातही चालत होता. पण मदत मागणारे चित्र भिंतीवर लागले नाही, कारण दुष्काळ आहे हेच सरकारला मान्य नव्हते. परदेशी धान्यविक्री चालू होती. कुलक धान्य लपवतो, त्याला शोधा, असे सांगणारी भित्तिपत्रके मात्र होती. भुकेल्या म्हाताऱ्याची जागा लपवाछपवी करणाऱ्या लठ्ठ माणसाने घेतली होती. पोट सुटलेला माणूस भिंतीवर आणि पोट खपाटीला गेलेला माणूस रस्त्यावर, असे ते दृश्य होते.

चित्र काढणारेही सुटले नाहीत. पंचवार्षिक योजनांची भव्य छायाचित्र-भित्तिपत्रके करणारा लाटवियन गुस्ताव क्लुत्सिस हा पक्षाचा निष्ठावंत. १९३८ च्या फेब्रुवारीत त्याला गोळी घातली. त्याच्या नावापुढेही शत्रूची पाटी लागली होती.

मग १९४१ मध्ये हिटलरने रशियावर स्वारी केली. इंग्लंड आणि पुढे अमेरिका मित्र झाली, आणि भिंतीवरून लंडन-वॉशिंग्टनचा लठ्ठ माणूस जवळजवळ नाहीसा झाला. ‘तास’ वृत्तसंस्थेच्या नव्या काचचित्रांत हिटलर आला. युद्ध संपून दोन वर्षे होतात न होतात तोच टोपीवाला परतला. १९४८ च्या सुमारास व्हिक्टर गोवोर्कोव्हच्या चित्रात एक धिप्पाड सोव्हिएत सैनिक बॉम्ब घेतलेल्या खुज्या लठ्ठ भांडवलदाराला दटावताना दिसतो. दरम्यानच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांची मालकी कोणी बदलली नव्हती. बदलली होती ती मॉस्कोतली सूचना.

जर्मनीत याच काळात नाझींच्या ‘डेअर श्टुर्मर’ या पत्राने जाळे विणणारा कोळी आणि पैशाच्या थैलीवरचा लठ्ठ माणूस ही चित्रे ज्यूंविरुद्ध वापरली. विचारसरणी विरुद्ध टोकाची, पण साचा ओळखीचा. साच्याला विचारसरणी नसते, हेच यावरून दिसते.

अपरिग्रह आणि बोट

आपल्या मराठी घरांत सोव्हिएत पुस्तके आणि नियतकालिके पुष्कळ आली. गुळगुळीत कागद, सुरेख चित्रे आणि किंमत नाममात्र. अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. ज्याने मुंबईच्या गिरण्यांत आणि चाळींत दारिद्र्य भोगले त्याला त्या देशात काय दिसले असेल आणि का दिसले असेल, हे समजून घेताना मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो. लेनाच्या खाणीतल्या मजुराचे दुःख खरे होते, तसे आपल्या गिरणीकामगाराचेही खरे होते.

पण मी ज्या समाजात जन्मलो तिथून हे चित्र थोडे निराळे दिसते. सीमाभागातले आम्ही जैन बहुतेक शेतकरी, काही पेढीवाले. वहीवर वाकलेला, पोट सुटलेला सावकार हे चित्र आमच्याकडे बोट दाखवीत अनेकदा काढले गेले आहे. ते सर्वस्वी खोटे होते असे मी म्हणणार नाही. व्याजाच्या वहीने पुष्कळ घरे बुडवली आहेत. संपत्तीचा साठा हे पाप आहे हे सांगायला आम्हांला मार्क्सची वाट पाहावी लागली नाही. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रह-परिमाण हे एक व्रत आहे : आपल्याजवळ किती असावे याची मर्यादा आपण स्वतः घालून घ्यायची. या व्रतात हिशेब आपल्या तिजोरीचा असतो. भित्तिपत्रकात हिशेब दुसऱ्याच्या तिजोरीचा असतो आणि तो करणारा तिसराच कोणी असतो.

याचा अर्थ असा नव्हे की प्रत्येकाने आपले व्रत पाळावे आणि अन्यायाकडे पाठ फिरवावी. व्रताने लेनाच्या कामगाराला चांगले अन्न मिळाले नसते. त्यासाठी कायदा, संघटना, संप हेच मार्ग होते आणि आहेत. व्याजाच्या दरावर, मजुरीवर, कामाच्या तासांवर मर्यादा घालणारा कायदा एखाद्याचे पोट किती सुटले आहे हे पाहत नाही. तो व्यवहार पाहतो, आणि म्हणून त्याच्यापुढे आरोपीला उत्तर देता येते. उतरंडीचे ते जुने चित्र मला म्हणूनच अधिक प्रामाणिक वाटते. ते रचना बदलायला सांगते.

उंच टोपीतला माणूस आता रशियाच्या भिंतींवरून उतरला आहे. संग्रहालयांत तो काचेमागे असतो आणि पाहुणे त्याच्याकडे पाहून हसतात. पण त्याचा साचा कोणी मोडलेला नाही. तो कोणत्याही भाषेत, कोणत्याही धर्मावर, जातीवर किंवा धंद्यावर बसवता येतो, आणि आता त्यासाठी पुठ्ठा कापण्याइतका वेळही लागत नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या भाषेच्या मुलखात दुकाने, शाळा, दवाखाने चालवीत राहिलेली माणसे. असा साचा कधीतरी आपल्याकडे वळू शकतो, आणि आपल्या हातूनही तो दुसऱ्याकडे वळवला जाऊ शकतो. म्हणून असे चित्र समोर आले की आधी खालची पाटी वाचावी, ती कोणी लिहिली हे विचारावे, आणि मग त्या दारामागे राहणाऱ्याचे नाव काय आहे याची चौकशी करावी.